आत काहीच नसलेला व्हायरस

माझी मावशी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने गेली तेव्हापासून एचपीव्हीच्या, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या व्हायरसवरच्या, लसीबद्दल जे हाती लागेल ते मी वाचते, आणि दर वेळी एकाच गोष्टीपाशी येऊन थांबते, की त्या लसीत व्हायरस नाहीच मुळी, आहे ते नुसतं त्याचं टरफल.

म्हणजे बघा, या व्हायरसचं बाहेरचं कवच मुख्यतः एल१ नावाच्या प्रोटीनचं असतं. १९९१ मध्ये क्वीन्सलँड युनिव्हर्सिटीत जियान झोऊ आणि इयान फ्रेझर या संशोधकांनी व्हायरसच्या आवरणाचे जीन्स पेशींमध्ये घातले, आणि प्रोटीनं आपली आपणच एकमेकांना जुळून कवच तयार झालं. पाच-पाचचा एक गुच्छ, असे ७२ गुच्छ, एकूण ३६० तुकडे, आणि सगळं मिळून जेमतेम ५५-६० नॅनोमीटरचा गोळा! कुणी बसून जुळवत नाही, ते जुळतंच. आत डीएनए नाही त्यामुळे ते वाढत नाही की रोग देत नाही. झोऊ १९९९ मध्ये गेले, लस आली २००६ मध्ये. हे वाचलं की मला अजूनही भरून येतं.

आता अशा रिकाम्या कवचांच्या कणांना सगळे 'वाहक' म्हणतात, म्हणजे दुसरं काही वाहून नेणारा नुसता डबा, पण मला तो शब्द तोकडा वाटतो. सुटं प्रोटीन टोचलं तर शरीर बऱ्याचदा फारसं मनावर घेत नाही, पण तेच प्रोटीन कवचावर ठरावीक अंतराने पुन्हापुन्हा मांडलेलं दिसलं की बी सेलचे, म्हणजे अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशीचे, कितीतरी रिसेप्टर (परकं ओळखणारे तिच्यावरचे हात) एकदम पकडले जातात आणि ती पेशी खडबडून जागी होते, कारण अशी शिस्तीतली नक्षी आपल्या स्वतःच्या पेशींवर सहसा नसते, व्हायरसवर असते. शिवाय आकार एवढा लहान की कण थेट लिम्फ नोडपर्यंत, म्हणजे या पेशी जमतात त्या गाठींपर्यंत, वाहत जातात. म्हणजे डबाच निरोप सांगतो ना!

मग त्या डब्यावर दुसऱ्या एखाद्या जंतूचा तुकडा लावायचा. मलेरियाच्या आरटीएस,एस लसीत हेच केलंय, हिपॅटायटिस बी च्या पृष्ठभागावरच्या प्रोटीनला मलेरियाच्या परजीवीचा तुकडा जोडलाय, आणि २०२१ मध्ये डब्ल्यूएचओने मुलांसाठी तिची शिफारस केली. २०२३ मध्ये आर२१ या मलेरियाच्याच दुसऱ्या लसीची, तीही याच घडणीची.

कॅन्सरचं मात्र मला सगळ्यात जास्त सांगायचंय. चवळीच्या पानांवर पडणारा एक मोझॅक व्हायरस आहे, ३० नॅनोमीटरचा, माणसाला त्याची लागण होत नाही. २०१६ मध्ये निकोल स्टाइनमेट्झ आणि स्टीव्हन फियरिंग या संशोधकांच्या टीमने त्याचं रिकामं कवच उंदरांना दिलं, फुप्फुसात ट्यूमर असलेल्यांना श्वासावाटे आणि कातडीत असलेल्यांना सरळ गाठीत. त्यात औषध नव्हतं, ट्यूमरचा तुकडाही नव्हता. तरी गाठीभोवती गप्प बसलेल्या न्यूट्रोफिल वगैरे संरक्षक पांढऱ्या पेशी कामाला लागल्या, कारण परका आकार आत शिरलेला त्यांना कळला, आणि एकदा तिथे धामधूम सुरू झाली की टी सेलना, म्हणजे बिघडलेल्या पेशी मारणाऱ्या पेशींना, ट्यूमरही ओळखू येतो. कातडीवरची गाठ गेलेल्या उंदरांना नंतर दुसऱ्या कुशीत त्याच कॅन्सरच्या पेशी पुन्हा टोचल्या, तिथे काहीच टोचलं नव्हतं आधी, तरी बहुतेकांमध्ये गाठ धरलीच नाही.

हे उंदरांमधलं आहे, पुढे पाळीव कुत्र्यांच्या ट्यूमरवरही वापरून बघितलंय. ते दुसऱ्या कुशीचं वाक्य मी त्या दिवशी तीनदा वाचलं.