गोचीड तापाचा नमुना आणि तपासणीचा अहवाल: माझा अनुभव

संकरित गाईला गोचीड ताप आला तेव्हा उपचार वेळेत झाले आणि गाय वाचली. त्या भागात सांगण्यासारखं फार काही नाही. लिहितोय ते तपासणीबद्दल. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका प्रयोगशाळेत नमुन्याचं जे झालं त्याचा राग अजून उतरलेला नाही, आणि ते सगळं टाळता येण्यासारखं होतं.

आधी तपासणी लागते कशाला ते सांगतो. गोचिडांमुळे होणारे ताप एकाच प्रकारचे नसतात. थायलेरिया आणि बबेसिया हे दोन वेगळे रक्तातले सूक्ष्म परजीवी, आणि त्यांचे आजारही त्याच नावांनी ओळखले जातात. थायलेरियात ताप १०४ ते १०७ अंश फॅरनहाइट, खांद्यापुढची गाठ सुजते, दूध एकदम आटतं, पुढे डोळ्यांच्या पापण्या आतून पांढऱ्या पडतात. बबेसियात ताप तसाच, पण लघवी लाल किंवा कॉफीसारखी. औषधं मात्र पूर्ण वेगळी. थायलेरियाला ब्युपारव्हाक्वोन, वजनाच्या किलोमागे २.५ मिलिग्रॅम. बबेसियाला डायमिनाझिन, किलोमागे ३.५ मिलिग्रॅम. एकाचं औषध दुसऱ्यावर चालत नाही. ब्युपारव्हाक्वोन महाग आहे आणि ४०० किलोच्या गाईला नेहमीच्या बाटलीतलं २० मिली लागतं, तेही मानेच्या स्नायूत खोल आणि एका जागी १० मिलीपेक्षा जास्त नाही. अंदाजाने टोचण्याचं हे औषध नाही.

आता नमुना. आमच्या डॉक्टरांनी पहिलं इंजेक्शन देण्याआधी रक्त घेतलं. कानाच्या कडेची शीर टोचून आलेला थेंब पसरवलेल्या, सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या काचा आणि मानेच्या शिरेतून ईडीटीएच्या (रक्त साकळू न देणारं रसायन) जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त. सोबत दवाखान्याचं पत्र, गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक, तापाची नोंद. खिडकीवर पहिला अडथळा आला तो कागदाचा. छापील अर्ज वेगळाच हवा, तो मिळतो दुसऱ्या टेबलावर, आणि त्या टेबलावरचा माणूस जेवायला गेलेला. कोणते कागद लागतात याची यादी भिंतीवर कुठेही नव्हती. आजारी जनावराच्या मालकाला ही माहिती खिडकीशी उभं राहून मिळावी, हे मला आजही पटत नाही.

नमुना घेतला गेला आणि पुढे सुट्ट्या लागल्या. अहवाल आला तो एका ओळीचा: नमुना तपासणीस अयोग्य. कारण लिहिलेलं नाही. फोन केला तर ‘पुन्हा पाठवा’ एवढंच. शेवटी तिथल्याच एका तंत्रज्ञाने नीट समजावलं. त्याचे मनापासून आभार. नळी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवायची ती बर्फाच्या कप्प्यात गेली होती. गोठलं की तांबड्या पेशी फुटतात, आणि रक्ताच्या नमुन्यात हे परजीवी तांबड्या पेशींतच बघायचे असतात. काचांचं तर त्याहून वाईट. त्या ठेवल्या होत्या शवविच्छेदनाच्या तुकड्यांच्या बरण्यांशेजारी. फॉर्मेलिनची वाफ लागली की रक्ताच्या काचेवर जिम्सा रंग (परजीवी दिसावेत म्हणून लावतात तो) नीट चढत नाही, सगळं निळसर एकसारखं दिसतं.

मग दुसरा नमुना पाठवला, पण तोवर गाईला औषध जाऊन ताप उतरला होता. अहवाल: नकारात्मक. हा अहवाल काहीच सांगत नाही. ब्युपारव्हाक्वोननंतर परजीवी रक्तात इतके कमी होतात की काचेवर सापडणं अवघड, आणि न सापडणं म्हणजे आजार नव्हता असं नाही. पशुविम्याचा किंवा कळपात पुढे काय करायचं याचा निर्णय अशा कागदावर घेतला तर फसगत ठरलेली. म्हणून अर्जावर पहिल्या इंजेक्शनची तारीख आणि वेळ ठळक लिहा, नमुना त्याआधीचा की नंतरचा तेही लिहा. छापील अर्जात तो रकाना नसेल तर समासात लिहा.

पीसीआर, म्हणजे परजीवीचा डीएनए शोधणारी चाचणी, मागितली तर पुरेसे नमुने जमेपर्यंत थांबा असं उत्तर. ती आली सकारात्मक, आणि त्यावरून कोणी घाबरू नये. बरी झालेली गाय कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं थायलेरियाची वाहक राहते. पीसीआर ते थोडेसे परजीवीही पकडते. औषध फसलं असा त्याचा अर्थ नाही. हेच उलट बाजूनेही खरं: रक्ताच्या काचेवर तुरळक परजीवी दिसले म्हणजे आजचा ताप त्यांचाच, असंही नाही.

खरा निकाल लागला तो डॉक्टरांनी दवाखान्यातच ठेवून घेतलेल्या जोडकाचेवर. खांद्यापुढच्या सुजलेल्या गाठीतला द्राव त्यांनी पहिल्याच दिवशी काढला होता. गाठ बोटांत घट्ट धरायची, सुई आत घालून सिरिंज ओढायची, आणि बाहेर काढण्याआधी ओढ सोडायची, नाहीतर द्राव सिरिंजमध्ये उडतो आणि काचेवर येतच नाही. त्या काचेवर पांढऱ्या पेशींत कॉखचे निळे गोळे, म्हणजे तिथे वाढणारा थायलेरिया, स्वच्छ दिसले. थायलेरिया ॲन्युलाटाच्या (आमच्या गाईला झालेली थायलेरियाची जात) चालू आजाराचा याहून पक्का पुरावा साध्या सूक्ष्मदर्शकावर मिळत नाही. ते बघितल्यावर जिवात जीव आला.

त्यामुळे काचा नेहमी जोडीने करा आणि एक जोड आपल्याकडे ठेवा. थेंब लहान, दुसरी काच साधारण ३० ते ४५ अंशांत धरून एका झटक्यात पुढे. जाड थर झाला की पेशी एकावर एक चढतात. हवेत हलवून लगेच वाळवा, माश्या बसू देऊ नका, त्या रक्त चाटून नेतात. पावसाळ्यात काच दमट राहिली तरी पेशी बिघडतात. वाळल्यावर मिथेनॉलमध्ये दोन-तीन मिनिटं बुडवली की काच टिकते. नळी भरल्यावर आठ-दहा वेळा हळू उलटीसुलटी करा, हिसडू नका. बर्फाच्या पेटीत नळी आणि बर्फ यांच्यामध्ये कागदाची जाड घडी हवी. आणि शुक्रवारी नमुना पाठवू नका.

अहवालाची वाट बघत औषध थांबवायचं का? नाही. नमुना घ्या आणि डॉक्टर म्हणतील ते लगेच सुरू करा. उशीर झाला की रक्त इतकं कमी होतं की औषध लागू पडूनही गाय जाते.

गोठ्याचं सांगायचं राहिलं. ॲन्युलाटा पसरवणारा हायलोमा गोचीड भिंतीच्या भेगांत राहतो, तिथेच अंडी घालतो. नुसत्या गाईवर फवारून तो जात नाही. भेगा सिमेंटने बुजवा. अमिट्राझ हे गोचीडनाशक, १२.५ टक्केवालं, लिटरभर पाण्याला २ मिली, गाईवर आणि भिंतींवर एकाच दिवशी. दरवेळी तेच औषध वापरलं की गोचीड त्याला दाद देईनासे होतात. संकरित कालवडींना दोन महिन्यांनंतर लस मिळते, पण ती द्रव नत्रात ठेवावी लागते, म्हणून डॉक्टरांकडे आधी नाव नोंदवा. ही लस ॲन्युलाटासाठीच आहे. थायलेरियाची दुसरी जात, थायलेरिया ओरिएंटॅलिस, हा पूर्वी निरुपद्रवी समजला जाई. न्यूझीलंडमध्ये २०१२ पासून त्याच्या साथी आल्या, अमेरिकेत व्हर्जिनियात २०१७ मध्ये गाई दगावल्या, भारतातही तो सापडला आहे. त्यावर ही लस चालत नाही, आणि त्याचे निळे गोळे गाठीत क्वचितच दिसतात. तिथे पीसीआरच लागते.

दोन्ही थायलेरियांचे गोचीडही वेगळे असतात, म्हणून नमुन्यासोबत पाच-सहा गोचीड पाठवा. ते बोटांनी चिरडू नका. हायलोमा माणसाला क्रिमियन-काँगो तापही देतो, गुजरातमध्ये २०११ साली त्याने माणसं गेली आहेत. हातमोजे घालून चिमट्याने तोंडाजवळ धरून सरळ ओढा आणि ७० टक्के अल्कोहोलच्या छोट्या बाटलीत टाका. गाईचा क्रमांक पेन्सिलने चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी बाटलीच्या आतच टाका, पेनची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते.