फॉरमॅट मारण्यापूर्वी

दुपारी फारसे काम नव्हते. सहज एक प्रोग्रॅम उघडायला गेलो, तर पडद्याच्या मधोमध एक लहानशी चौकट येऊन उभी राहिली. अमुक नावाची डीएलएल, म्हणजे प्रोग्रॅमना लागणारी एक मदतनीस फाइल, सापडत नसल्यामुळे पुढे जाता येत नाही, प्रोग्रॅम पुन्हा इन्स्टॉल केल्यास अडचण कदाचित दूर होईल, असे तिच्यात लिहिले होते आणि खाली ‘ओके’ हे एकच बटण होते. शेजारी मोबाइलमध्ये डोके घालून बसलेल्या भाच्याने मान वरही न करता निकाल दिला, “मामा, फॉरमॅट मारून टाक ना, विषय संपला.”

विषय असा संपवणे मला जमत नाही. यात काटकसर नाही, चिकाटी तर मुळीच नाही. कोणती फाइल गेली, कुठून गेली आणि ती नसल्यामुळे नेमके काय अडले, हे कळल्याखेरीज मला चैन पडत नाही, एवढेच. सगळे पुसून नवे विंडोज टाकले की मशीन सुरू होते हे खरे. पण मग काय बिघडले होते ते कायमचे अज्ञात राहते, आणि ही गोष्ट मला बिघाडापेक्षा जास्त खुपते. शिवाय त्या दुपारच्या चौकटीत नाव होते ‘एमएसव्हीसीपी१४० डॉट डीएलएल’. ही फाइल मुळात विंडोजच्या सिस्टिम फाइल्सपैकी नव्हेच. ती येते व्हिज्युअल सी प्लस प्लसच्या रीडिस्ट्रिब्युटेबल नावाच्या जोडसंचातून, आणि तो संच मायक्रोसॉफ्टकडून उतरवून टाकला की दोन-चार मिनिटांत गाडी रुळावर येते. भाच्याचे ऐकून अर्धा दिवस फॉरमॅटमध्ये घालवला असता, तर नव्याकोऱ्या विंडोजवर तोच प्रोग्रॅम उघडताना तीच चौकट पुन्हा दिसण्याचा संभव होता. सुट्या डीएलएल फुकट वाटणाऱ्या ज्या असंख्य साइट आहेत, त्यांच्या वाटेला मात्र कोणी जाऊ नये. तिथून आणलेली फाइल नावाने तीच असते, बाकी कशाची हमी नसते.

फाइल हरवल्याचा निरोप मी पहिल्यांदा वाचला तो विंडोज एक्सपीच्या काळात. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ अशी ओळ आली होती आणि पुन्हा सुरू करण्यासाठी कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट दाबा, असे तिच्याखाली होते. आम्ही ते बटणांचे त्रिकूट पुन्हा पुन्हा दाबत राहिलो आणि ओळ पुन्हा पुन्हा येत राहिली. संगणक गेला, यावर घरात एकमत झाले. बाबांनी विंडोजची सीडी शोधून काढली; तिच्या कव्हरवर पेनाने लिहिलेली लांबलचक की होती आणि तिच्यातला एक आकडा आठ आहे की बी, यावर आधीच्या खेपेलाच वाद झालेला होता. तेवढ्यात चुलतभाऊ आला. त्याला आम्ही दादा म्हणत असू आणि संगणकाच्या बाबतीत त्याचा शब्द अखेरचा असे. त्याने सीडीला हात लावला नाही, कीबोर्डलाही नाही. तो खाली वाकला, कॅबिनेटवरचे एक छोटे बटण त्याने अंगठ्याने दाबले आणि फ्लॉपी ड्राइव्हमधून एक निळी फ्लॉपी टक्‌ करून अर्धी बाहेर आली. मशीन सुरू होताना आधी फ्लॉपीकडे पाहत होते, त्या फ्लॉपीवर विंडोज सुरू करून देणारी एनटीएलडीआर नव्हती, आणि तेवढेच ते प्रामाणिकपणे सांगत होते. सी ड्राइव्हवरची फाइल जागच्या जागी सुखरूप होती. फ्लॉपी कोणी विसरली होती, याची चौकशी झाली नाही. दादाने चहासुद्धा घेतला नाही, याचे आईला वाईट वाटले.

एनटीएलडीआर खरोखरच गेलेली असली तरी फॉरमॅटची गरज नसे. सीडीवरून सुरू करायचे, ‘आर’ दाबून रिकव्हरी कन्सोल या दुरुस्तीच्या पडद्यात शिरायचे आणि सीडीतल्या आय३८६ फोल्डरमधून एनटीएलडीआर व एनटीडिटेक्ट या दोन फाइल्स सी ड्राइव्हवर कॉपी करायच्या, एवढाच तो उपचार. त्याहून फसवा निरोप असे एचएएल डॉट डीएलएलचा. ही फाइल गायब आहे किंवा खराब झाली आहे, तिची प्रत पुन्हा टाका, असे मशीन ठामपणे सांगे, आणि बहुतेक वेळा फाइल विंडोजच्या सिस्टिम३२ या फोल्डरमध्ये धडधाकट असे. दोष असे बूट डॉट आयएनआयमध्ये. विंडोज कोणत्या डिस्कच्या कोणत्या पार्टिशनवर आहे, ते सांगणारी त्या फाइलमधली ओळ चुकलेली असे. पाकिटावरचा पत्ता चुकीचा असावा आणि पोस्टमनने ‘मालक घर सोडून गेले’ असा शेरा मारून पत्र परत पाठवावे, तशातला प्रकार. मशीन ज्या फाइलचे नाव घेते तीच गेलेली असते असे नाही, हे त्यामुळे मनात जे बसले ते अजून निघालेले नाही.

त्याच सुमाराचा आमचा एक उद्योग म्हणजे नोटपॅड पुसणे. एक्सपीमध्ये सिस्टिम३२ हे फोल्डर उघडायचे, नोटपॅडची फाइल निवडून डिलीट करायची आणि एफ५ दाबत वाट पाहायची. काही क्षणांत ती फाइल, कोणी काही बोलले नाही, कोणी काही विचारले नाही, अशा बेताने पुन्हा यादीत येऊन बसलेली दिसे. विंडोज २००० पासून आलेल्या फाइल प्रोटेक्शनची ही करामत होती. डीएलएलकॅश नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये महत्त्वाच्या फाइल्सच्या प्रती ठेवलेल्या असत आणि मूळ जागेवरची फाइल हलली की तिथली प्रत गुपचूप पुढे येई. पुढे विंडोज व्हिस्टापासून हा खेळच बंद झाला, कारण या फाइल्सची मालकी ‘ट्रस्टेड इन्स्टॉलर’ या विंडोजच्याच अंतर्गत खात्याकडे गेली आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणवणाऱ्या माणसालाही त्याची परवानगी मागावी लागू लागली. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे योग्यच झाले. मला मात्र ती बिनबोभाट परतणारी फाइल अधिक आवडत असे.

आता दुरुस्तीचे काम दोन हत्यारे मिळून करतात. त्यांपैकी एसएफसी, म्हणजे सिस्टिम फाइल चेकर, हे विंडोज ९८ पासूनचे जुने खोड. तेव्हा त्याला स्वतःची खिडकी होती, आता अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये त्याचे नाव आणि पुढे ‘स्कॅननाउ’ असे लिहावे लागते. दुसरे डिसम, विंडोजचा राखीव फाइलसाठा दुरुस्त करणारे; त्याची ‘रिस्टोअर हेल्थ’ ही आज्ञा विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून मिळाली. एसएफसी प्रत्येक संरक्षित फाइल तपासते आणि बिघडलेली आढळल्यास विनएसएक्सएस या भल्याथोरल्या फोल्डरमधल्या साठ्यातून चांगली प्रत आणून बसवते. ऐकायला हे निर्धोक वाटते, पण यात एक मेख आहे. सिस्टिम३२ मधल्या बहुतेक फाइल्स आणि साठ्यातल्या त्याच नावाच्या फाइल्स या वेगवेगळ्या प्रती नसतातच; डिस्कवर मजकूर एकच असतो आणि त्याला दोन ठिकाणची नावे दिलेली असतात. डिस्कवरचा तो तुकडाच खराब झाला तर मूळ फाइल आणि तिची राखीव प्रत एकाच वेळी बाद होतात, आणि एसएफसीला उसनवारी करायला घरात काही उरत नाही. अशा वेळी डिसम विंडोज अपडेटमार्फत बाहेरून चांगल्या फाइल्स आणते आणि साठाच दुरुस्त करते. इंटरनेट नसेल तर तिला त्याच आवृत्तीच्या आयएसओमधली, म्हणजे इन्स्टॉलेशन डिस्कची अख्खी प्रत असलेल्या फाइलमधली, इन्स्टॉल डॉट विम ही फाइल दाखवून देता येते. म्हणून आधी डिसम, मग एसएफसी, हा क्रम. पुष्कळ लोक उलट करतात, एसएफसीने हात टेकले की कंटाळतात आणि फॉरमॅटसाठी पेन ड्राइव्ह शोधायला लागतात.

हे काम चालू असताना समोर बसून राहण्याची मला वाईट सवय आहे. टक्केवारी वाढताना पाहण्यात वेळ चांगला जातो आणि आपणही काही करतो आहोत असे वाटते. डिसम मात्र ६२.३ टक्क्यांवर येऊन अशी ठाण मांडते, की नवखा माणूस घाबरून खिडकीच बंद करतो. तिथे जरा दम धरला तर ती बहुधा आपल्या आपण पुढे सरकते. एसएफसीचे निकाल मुख्यतः तीन: काही बिघडलेले नाही; बिघडले होते, ते नीट केले; बिघडले आहे, पण त्यातले काही नीट करता आले नाही. दुसरा निकाल आला की लोक सुटकेचा निःश्वास टाकून उठतात. मी उठत नाही. विंडोजच्या लॉग्ज फोल्डरमध्ये सीबीएस नावाचे एक पोट-फोल्डर असते आणि त्यातल्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये, कोणत्या फाइली दुरुस्त झाल्या ते लिहिलेले असते. हा लॉग माणसांनी वाचावा म्हणून लिहिलेला नाही. हजारो ओळी, त्यांतल्या एसएफसीच्या ओळींना ‘एसआर’ अशी खूण, आणि फाइलच्या नावामागे जोडलेले एक लांबलचक शेपूट, ज्यात ‘३१बीएफ३८५६एडी३६४ई३५’ ही सोळा अक्षरे हटकून येतात. ती मायक्रोसॉफ्टच्या सहीची खूण आहे, आणि मला ती आता पाठ झाली आहे. नातेवाइकांचे फोन नंबर पाठ नाहीत.

सिस्टिम फाइल्स जातात कशा, हाही एक मजेदार भाग आहे. अपडेट चालू असताना वीज जाणे, रॅममध्ये दोष असणे, ‘पीसी क्लीन करून देतो’ म्हणणारे अतिउत्साही सॉफ्टवेअर, ही नेहमीची कारणे झाली. पण २००१ मध्ये जगभर एक ईमेल फिरला, की सल्फएनबीके डॉट ईएक्सई नावाची फाइल हा व्हायरस आहे, ती शोधा, पुसा आणि ओळखीच्या सगळ्यांना कळवा. फाइल विंडोज ९८ चीच होती, फाइलींच्या लांब नावांचा बॅकअप घेणारी एक निरुपद्रवी गरीब फाइल. ती शोधली की सापडायचीच, आणि सापडली म्हणजे ईमेल खरा ठरला! पुढच्याच वर्षी हीच पाळी जेडीबीजीएमजीआर या फाइलवर आली. तिचे चित्र टेडी बेअरचे होते, आणि सिस्टिम फोल्डरमध्ये खेळण्यातले अस्वल पाहून कोणाचाही संशय बळावणे साहजिक होते. एप्रिल २०१० मध्ये तर मॅकॅफीच्या अँटिव्हायरसने एका सदोष अपडेटनंतर एक्सपीच्या सर्व्हिस पॅक ३ मधली एसव्हीसीहोस्ट ही खरीखुरी सिस्टिम फाइलच व्हायरस ठरवून उचलली. मशीन्स पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होऊ लागली, अनेकांचे नेटवर्क बंद पडले, आणि उतारा नेटवरून पोचेना म्हणून लोकांना एकेका मशीनपाशी जाऊन फाइल परत ठेवावी लागली.

दोन्ही हत्यारे हरली तरीही फॉरमॅटच्या आधी एक पायरी उरते. चालू विंडोजमध्येच त्याच आवृत्तीचा आयएसओ उघडून त्यातले सेटअप चालवायचे आणि फाइल्स व प्रोग्रॅम दोन्ही ठेवा असे सांगायचे. विंडोज स्वतःला खालून वरपर्यंत पुन्हा मांडून घेते आणि आपले बहुतेक सगळे जिथल्या तिथे राहते. ‘रीसेट धिस पीसी’ मला कमी पसंत आहे, कारण ‘माझ्या फाइल्स ठेवा’ असे निवडले तरी वरून टाकलेले प्रोग्रॅम ते काढून टाकते आणि काढलेल्यांची एक यादी तेवढी डेस्कटॉपवर ठेवते. त्या यादीत अर्धी नावे अशी असतात, की ती आपण कधी आणि कशासाठी टाकली होती हेच आठवत नाही. भाचा म्हणतो, “मग बरंच झालं की गेली ती!” यावर माझ्यापाशी उत्तर नाही. पण शब्दकोशात एकेक करून घातलेले शब्द, प्रिंटरची महत्प्रयासाने जमवलेली सेटिंग्ज, कीबोर्डची हाताला बसलेली मांडणी, यांचा बॅकअप कोणी घेत नाही आणि त्यांची यादीही कोणी ठेवत नाही.

एका बाबतीत मात्र मी हा सगळा हट्ट सोडतो. आज एक फाइल दुरुस्त केली, आठवड्याने दुसरी गेली, मग तिसरी, कॉपी करताना मध्येच मशीन थिजते, किंवा जुनी फिरती डिस्क असेल तर आतून ठराविक अंतराने टिकटिक ऐकू येते, तेव्हा प्रश्न फाइल्सचा राहिलेला नसतो, डिस्क जायला लागलेली असते. अशा डिस्कवर चेकडिस्क या डिस्क तपासणाऱ्या आज्ञेचा लांबलचक ‘आर’ स्कॅन लावून तिला रात्रभर राबवणारे हौशी दुरुस्तकार मी पाहिले आहेत, आणि सकाळी ती डिस्क बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ प्रोग्रॅममध्येसुद्धा, दिसेनाशी झालेलीही पाहिली आहे. तिथे डिसम नको, एसएफसी नको आणि फॉरमॅट तर नकोच. पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सने मशीन सुरू करायचे, बाहेरची डिस्क जोडायची आणि जे दुसरीकडे कुठेच नाही ते आधी उतरवून घ्यायचे: फोटो, कागदपत्रे, गेलेल्या माणसांचे आवाज. विंडोज काय, उद्या नव्या डिस्कवर टाकता येईल.