कूलर सुरू असला की मला नीट ऐकू यायचे

नागपुरात मार्चच्या अखेरीस घरोघरी कूलर बसतात, आणि तेव्हापासून पहिल्या पावसापर्यंत घरातली माणसे एकमेकांशी जरा ओरडूनच बोलतात. या ओरडण्यात मला तीन-चार उन्हाळे एक गोष्ट जाणवत होती. हिवाळ्यात घर शांत असताना यजमानांचे बोलणे मला दोनदा विचारून घ्यावे लागे, आणि कूलर घरघरू लागला की तेच बोलणे पहिल्या खेपेत कळे. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला गोंगाटात आणखी कमी ऐकू येते, असे सगळेच सांगतात. त्यामुळे माझे कान ठणठणीत आहेत आणि दोष माझ्या लक्षाचा आहे, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती.

दुसरी खूण माझ्या आवाजाची होती. मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. वीस वर्षे ज्या आवाजात वर्ग सांभाळला, त्याच आवाजात बोलत असूनही आठवीच्या शेवटच्या बाकांवरून "बाई, ऐकू येत नाही" असे येऊ लागले. घरी यजमान म्हणत, "काहून एवढी हळू बोलतेस?" मला तर माझा आवाज डोक्यात घुमण्याइतका मोठा वाटत असे. चिवडा खाताना स्वतःच्या चावण्याच्या आवाजात दूरदर्शनवरच्या बातम्या बुडून जात. उजव्या कानात रात्री बारीक शिट्टीसारखा नाद असे, तो वेगळाच.

अखेर एका दिवाळीत, मुलीच्या आग्रहावरून, मी बाजारातल्या एका श्रवणयंत्रांच्या दुकानात मोफत तपासणीसाठी गेले. काचेच्या काउंटरमागे एका खुर्चीवर बसवून त्यांनी कानांवर हेडफोन चढवले. बाहेर रस्त्यावरचे हॉर्न त्या हेडफोनमधूनही ऐकू येत होते. दहा मिनिटांत एक आलेख छापून आला आणि निदानही झाले: "नस कमजोर झाली आहे, ताई. मशीनशिवाय उपाय नाही." मी 28,000 रुपये मोजून उजव्या कानाचे यंत्र घेतले. कानात बॅटरीच्या प्रकाशाने डोकावून कोणी पाहिले नव्हते, घरात आणखी कोणाला कमी ऐकू येते का हे विचारले नव्हते आणि कानामागच्या हाडाला काहीही लावले नव्हते. त्या वेळी हे सर्व करायचे असते हेच मला ठाऊक नसल्याने तक्रार करण्याचा प्रश्नच आला नाही. यंत्रातून वाट्या-चमच्यांची खणखण टोकदार ऐकू येई, माणसांचे शब्द मात्र होते तिथेच, पातळ आणि दूर. महिनाभरात ते कपाटात गेले. परत घ्यायला दुकानदार तयार नव्हता.

पुढच्या मार्चमध्ये मी धंतोलीतल्या एका कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेले. त्यांनी दोन्ही कानांत पाहून पडदे स्वच्छ आणि शाबूत असल्याचे सांगितले आणि मग बराच वेळ प्रश्नच विचारले. कान वाहत होता का, डोक्याला मार लागला का, कारखान्याच्या आवाजात काम केले का, बाळंतपणानंतर त्रास वाढला का, आई-वडिलांपैकी कोणाला कमी ऐकू येते का. आईला पस्तिशीपासूनच कमी ऐकू येते, आणि माझ्या धाकट्या भावाच्या बाळंतपणात तिच्या कानांना थंडी बाधली असे घरात मानले जाते, हे मी सांगितले. त्यानंतर त्यांनी विचारले, "गोंगाटात जास्त चांगलं ऐकू येतं, असं कधी वाटतं का?" मी कूलरची हकीकत सांगितली, तेव्हा त्यांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवले.

मग त्यांनी टेबलाच्या खणातून एक स्वरकाटा काढला. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसाच तो होता. दांड्यावर 512 हा आकडा कोरलेला, म्हणजे सेकंदाला 512 कंपने. कोपरावर आपटून त्यांनी तो आधी माझ्या उजव्या कानामागच्या हाडावर टेकवला. काटा कवटीतच वाजत असल्यासारखा स्पष्ट गुंजारव आला. तो विरल्यावर मी हात वर करताच त्यांनी काटा कानाच्या तोंडाशी धरला, आणि तिथे मला काहीच ऐकू आले नाही. धडधाकट कानाला हवेतून आलेला आवाज हाडातून आलेल्या आवाजापेक्षा जास्त वेळ ऐकू येतो. माझ्या बाबतीत ते उलटे होते. याला रिने चाचणी म्हणतात. पाठोपाठ काटा कपाळाच्या मधोमध टेकवून आवाज कुठे येतो असे त्यांनी विचारले. मी उजवा हात दाखवला, म्हणजे माझा जो कान जास्त वाईट होता तोच. ही वेबर चाचणी. उजव्या कानाची नस गेली असती, तर हा आवाज डावीकडे, चांगल्या कानात सरकला असता. दुकानातले निदान अशा रीतीने दोन मिनिटांत, विजेचे कोणतेही उपकरण न वापरता बाद झाले.

खरी मोजणी त्यानंतर ऑडिओलॉजिस्टच्या, म्हणजे ऐकण्याची क्षमता मोजणाऱ्या तज्ज्ञांच्या, खोलीत झाली. त्यांच्या भिंतीवर भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीचे प्रमाणपत्र होते. अशी नोंदणी असते आणि ती पाहून घ्यायची असते, हेही मला तिथेच कळले. जाड दाराच्या, आतून मऊ अस्तर लावलेल्या त्या लहानशा खोलीत दार बंद होताच स्वतःचा श्वास ऐकू येतो. हातात एक बटण देतात आणि अगदी पुसट आवाज आला तरी दाबा म्हणतात. आवाज 1000 हर्ट्झपासून, म्हणजे सेकंदाला 1000 कंपनांच्या स्वरापासून, सुरू होतो. ऐकू आला की 10 डेसिबलने खाली उतरवतात, नाहीसा झाला की 5 डेसिबलने वर चढवतात, आणि अशा चढउतारातून जिथे तो जेमतेम ऐकू येतो तो आकडा आलेखावर मांडतात. आकडा जितका मोठा तितके ऐकणे कमी, आणि आलेखावर तो तितकाच खाली. मग 250 ते 8000 हर्ट्झपर्यंतचे इतर स्वर. मध्येच मला भास होऊ लागले आणि आवाज नसतानाही मी दोन-तीनदा बटण दाबले. काचेपलीकडून त्यांनी हाताने थांबण्याची खूण केली आणि तो स्वर पुन्हा पहिल्यापासून घेतला.

यानंतर हेडफोन उतरवून त्यांनी एका धातूच्या पट्टीला लावलेली काडेपेटीहून लहान ठोकळी कानामागच्या हाडावर दाबून बसवली. आता तेच स्वर हाडातून, बाह्य आणि मध्यकर्ण टाळून, थेट आतल्या कानाला मिळत होते. गंमत अशी की हाडातून गेलेला आवाज दोन्ही आतल्या कानांना जवळजवळ सारखाच पोहोचतो, त्यामुळे उजवा कान तपासत असताना डावा कान मधे उत्तर देऊन टाकू शकतो. म्हणून डाव्या कानात पावसासारखा सूंऽ आवाज सोडून त्याला गुंतवून ठेवले. दोन्ही कानांचे मिळून हे सगळे पाऊण तास चालले.

माझ्या उजव्या कानाचे हवेतले, म्हणजे हेडफोनमधून घेतलेले, आकडे 500 हर्ट्झला 60, 1000 ला 55, 2000 ला 50 आणि 4000 ला 45 डेसिबल आले. हाडातले आकडे त्याच क्रमाने 10, 15, 25 आणि 15. डावा कान हवेत 40 ते 30 च्या आसपास होता. लाल आणि निळ्या खुणांच्या त्या कागदावर वरची हाडाची रेघ आणि खालची हवेची रेघ यांच्यामध्ये जी रिकामी जागा होती, तोच माझा आजार होता. आतला कान ऐकायला तयार होता, त्याच्यापर्यंत आवाज नेणारी वाट अडली होती. 2000 हर्ट्झला हाडाच्या रेघेत पडलेल्या खळग्यावर बोट ठेवून ऑडिओलॉजिस्ट म्हणाल्या की याला कारहार्ट नॉच म्हणतात; हा नसेचा दोष दिसतो, पण पुष्कळदा नसतो.

उरलेल्या तपासण्या लहान होत्या. कानात रबरी टोक घालून हवेचा दाब कमी-जास्त करत पडदा किती हलतो हे पाहिले. मध्यकर्णात पाणी नव्हते, फक्त पडद्याची हालचाल नेहमीपेक्षा थोडी बुटकी होती. त्याच यंत्राने मोठा आवाज दिल्यावर आकुंचन पावणाऱ्या इवल्याशा स्नायूची प्रतिक्रिया तपासली; ती उजवीकडे आली नाही. शब्द पुरेशा मोठ्याने ऐकवले तेव्हा मी सगळे बरोबर सांगितले. नसेच्या बहिरेपणात आवाज वाढवला तरी शब्द अनेकदा पुसटच राहतात, म्हणून ही चाचणी महत्त्वाची.

निदान ओटोस्क्लेरोसिस असे झाले. मध्यकर्णात हातोडा, ऐरण आणि रिकीब अशी तीन हाडे असतात, हे आपण शाळेत पाठ करतो. त्यातली रिकीब हे शरीरातले सर्वांत लहान हाड, उंची जेमतेम 3 मिलिमीटर. तिच्या तळव्याभोवती नको तिथे हाड वाढते आणि ती आतल्या कानाच्या खिडकीत घट्ट रुतून बसते. दाराची बिजागरी गंजावी तसे. हा आजार घराण्यांत उतरतो, स्त्रियांत जास्त आढळतो आणि बहुधा तरुणपणीच सुरू होतो. बाळंतपणाशी त्याचा संबंध पूर्वापार जोडला जातो, परंतु त्यावर तज्ज्ञांचे एकमत नाही, असे डॉक्टर म्हणाले; थंडीशी मात्र त्याचा संबंध नाही. कूलरचे कोडेही सुटले. घरघर माझ्यापर्यंत अर्धीच पोहोचत होती, आणि तिच्यावर मात करायला इतर लोक आवाज चढवत होते. माझा स्वतःचा आवाज हाडातून मला मोठा ऐकू येई, म्हणून मी तो नकळत खाली आणत होते.

पुढे काय, यावर डॉक्टरांनी घाई केली नाही, याचे मला आजही बरे वाटते. तीन मार्ग होते: काही न करता दरवर्षी मोजत राहणे, श्रवणयंत्र, किंवा शस्त्रक्रिया. आतला कान चांगला असताना यंत्राचा उपयोग उत्तम होतो, तेव्हा आधी ते वापरून पाहा, असे ते म्हणाले. कपाटातले यंत्र मी ऑडिओलॉजिस्टकडे नेले. संगणकाला जोडून पाहिल्यावर कळले की ते उंच स्वर वाढवण्यासाठी बसवलेले होते आणि त्याची भोके असलेली रबरी टोपी खालचे स्वर बाहेर सांडू देत होती. माझी कमतरता तर खालच्या स्वरांतच जास्त होती. त्यांनी कानाचा साचा घेऊन त्या टोपीऐवजी कानात नेमका बसणारा घट्ट मोल्ड करून दिला आणि यंत्राची जुळणी बदलली. त्याच यंत्रातून एप्रिलमध्ये मी प्रथमच वर्गातल्या मागच्या बाकाची कुजबुज ऐकली. मुलांना ते फारसे आवडले नाही.

तरीही मी शस्त्रक्रिया निवडली, कारण उन्हाळ्यात घामाने यंत्र बंद पडे आणि वय 41 असल्याने पुढची तीस-चाळीस वर्षे मोजायची होती. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी डॉक्टरांनी धोके मोजून सांगितले: सुमारे नव्वद टक्के रुग्णांत दोन रेघांमधली जागा जवळजवळ भरून येते, शंभरात एखाद्याचा तो कान कायमचा जातो, आणि काही दिवस चक्कर व चवीतला बदल अपेक्षित आहे. वाईट कानावरच आधी का, हेही त्या 'शंभरात एखाद्या'वरून समजले. सीटी स्कॅन झाला आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात मी टेबलावर होते.

कानाभोवती भुलीची इंजेक्शने दिली होती, मी जागी होते. पडदा एका बाजूने उचलून, रिकिबीचा वरचा भाग काढून, तिच्या तळव्याला मिलिमीटरहून लहान छिद्र पाडतात आणि त्यात टेफ्लॉनचा दांडा बसवून तो ऐरणीला अडकवतात. रिकिबीच्या जागी टेफ्लॉन बसवण्याची पहिली शस्त्रक्रिया अमेरिकेत जॉन शे यांनी 1956 मध्ये केली. मला यातले काही दिसत नव्हते. एका क्षणी खोली गरगर फिरली आणि थांबली, आणि पाठोपाठ ट्रेमध्ये चिमटा ठेवल्याचा आवाज उजवीकडून आला. डॉक्टरांनी हळूच विचारले, "पाऊस. काय म्हणालो?" मी म्हटले, "पाऊस." मग कान भरून बंद केला आणि पुन्हा सगळे मुके झाले.

पुढचे तीन दिवस उशीवरून मान उचलली की घर फिरे. नाक शिंकरायचे नाही, शिंक आली तर तोंड उघडे ठेवायचे, वजन उचलायचे नाही, विमान नाही, अंघोळीला कानात व्हॅसलीन लावलेला कापूस. पडद्यामागून जाणारी चवीची नस ताणली गेल्याने जिभेची उजवी कड लोखंडासारखी लागे. तर्री-पोहे महिनाभर खिळे चावल्यासारखे लागले. आठव्या दिवशी कानातली पट्टी निघाली. घरी आल्यावर कूलरचा आवाज असा अंगावर आला की मी तो बंद करायला लावला, आणि नागपूरच्या मे महिन्यात घरच्यांनी तो अर्धा तास सहन केला.

सहा आठवड्यांनी, शाळा उघडण्याच्या सुमारास, पुन्हा त्याच खोलीत बसले. उजवा कान हवेत 20 च्या आसपास आला होता आणि 2000 हर्ट्झचा तो खळगा भरून हाडाची रेघ 10 वर सरळ झाली होती. नसेचा दोष नव्हताच. रुतलेल्या रिकिबीमुळे तो तसा दिसत होता. रात्रीची शिट्टी कमी झाली, गेली नाही. डाव्या कानाला डॉक्टर अजून हात लावणार नाहीत. निदान वर्षभर उजवा स्थिर राहू दे म्हणतात. कपाटातले यंत्र आता नव्या मोल्डसह डाव्या कानात आहे.

जुलैत आईला काटोलहून घेऊन आले. ती 72 वर्षांची आहे, आणि तिचे कान आजवर कोणी मोजले नव्हते. डॉक्टरांनी काटा कोपरावर आपटून तिच्या कानामागे टेकवला. ती दचकली, मग डॉक्टरांचा हात तसाच धरून ठेवत माझ्याकडे वळून मोठ्याने म्हणाली, "वाजून राहिलं ना गं!" तिच्या आलेखात हाडाची रेघही वयाने खाली आली आहे, त्यामुळे शस्त्रक्रियेचा लाभ थोडा आणि यंत्राचा अधिक, असे ठरले. तिच्या दोन्ही कानांचे साचे दिले आहेत. मोल्ड पुढच्या मंगळवारी मिळतील.