तुम्ही विचारलंत म्हणून: वहीपर्यंत हात पोहोचत नसलेल्या आजीविषयी

माझी दोन्ही नातवंडे माझ्यापासून फार लांब राहतात आणि तरीही त्यांच्या अभ्यासात माझा थोडाफार वाटा असतो, हे कळले की लोक मला हमखास एकच प्रश्न विचारतात: "इतक्या लांबून तुम्ही त्यांना शिकवता तरी कसे?" विचारणारे बहुतेक जण स्वतः आजी-आजोबाच असतात. त्यांच्या स्वरात कुतूहलापेक्षा हुरहुर अधिक जाणवते, म्हणून या प्रश्नाचे उत्तर एकदा सविस्तर द्यावे असे ठरवले.

पहिली गोष्ट अशी की, मी शिकवत नाही. शिकवायला शाळा आहे, घरी आई-वडील आहेत, आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास पडद्यावर दिसणाऱ्या माणसाने तिसरा शिक्षक होऊ पाहिले, तर मुलाला त्याचे ओझेच होते. माझ्या मुलाने आणि सुनेने रविवारची जी वेळ ठरवून दिली आहे ती मी पाळते, शाळेविषयी किंवा त्यांच्या पद्धतीविषयी मुलांसमोर टीकेचा शब्द काढत नाही, आणि उरलेल्या वेळात मुलांचे ऐकते. परंतु या ऐकण्यालाही एक रीत आहे, आणि ती मला माझ्या नातीमुळे सापडली.

ती तेव्हा नऊ वर्षांची होती आणि शाळेत अपूर्णांक सुरू झाले होते. एक चतुर्थांश आणि एक अष्टमांश यांत मोठा कोणता, असे मी सहज विचारले, तर तिने ठामपणे अष्टमांश सांगितला, कारण आठ हे चारापेक्षा मोठे. मी लगेच तिची चूक दाखवली आणि दोन मिनिटांत सगळे समजावून दिले. "हो, कळलं," असे ती म्हणाली, आणि पुढच्या रविवारी तीच चूक तितक्याच ठामपणे पुन्हा झाली. मी समोर असते तर बहुधा तिच्या हातातली पेन्सिल घेऊन वहीत आकृती काढून दिली असती. पण माझा हात तिथवर पोहोचत नव्हता. म्हणून मी तिला एक कोरा कागद आणायला सांगितले, माझ्यासाठीही एक घेतला, आणि म्हणाले, "तू तिकडे घडी घाल, मी इकडे घालते." दोन घड्या घालून कागद उघडला, तेव्हा चार चौकोन दिसले. तिसरी घडी घालून उघडला, तेव्हा आठ. त्यातला एक चौकोन तिने पेन्सिलीने रंगवला आणि ती त्याच्याकडे बघत बसली. नेमका त्याच वेळी फोनचा आवाज अडकत होता, त्यामुळे मी काही बोलले असते तरी ते तिला ऐकू गेले नसते. बराच वेळ गेला. मग एकदम तिचा आवाज आला, "आजी, तुकडे वाढले म्हणून तुकडा लहान झाला!" आणि मी काही बोलण्याआधीच, "थांब, सांगू नकोस, मी सोळाचं करून बघते."

त्या रात्री मी बराच वेळ विचार करत होते. फोन अडकला नसता, तर मी मध्येच बोलले असते आणि ते वाक्य तिचे राहिले नसते. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने विज्ञानाच्या वर्गांचे निरीक्षण करून १९७४ साली असे मांडले होते की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम १ सेकंद थांबतात, आणि हे थांबणे ३ सेकंदांच्या पुढे नेले तर मुलांची उत्तरे लांबतात, त्यांत कारणे येऊ लागतात आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असे वाटते, पण पडद्यासमोर मुलाचा गोंधळलेला चेहरा बघत ते काढणे फार कठीण असते. मी आता मनात पाच आकडे मोजते. ही सवय मला कोणत्याही पुस्तकाने लावली नसती. ती अंतराने लावली.

दोन फोनांमधल्या आठवड्याचेही तसेच आहे. पूर्वी मला वाटे की, इतक्या दिवसांत मूल सगळे विसरून जाणार, मग आपल्या बोलण्याचा उपयोग काय? पण थोडे विसरल्यावर आठवण्याचा प्रयत्न करणे, यातच शिकणे पक्के होते. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात, उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना ५ मिनिटांनी अधिक आठवले, परंतु आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून माझा पहिला प्रश्न बहुतेक वेळा असाच असतो: "मागच्या रविवारी तू मला काय सांगत होतीस गं?" यात परीक्षेचा सूर येऊ नये याची मी काळजी घेते. सुदैवाने मला खरोखरच सगळे आठवत नसते, आणि मुलांना ते कळते. आजीला आठवण करून देण्यात त्यांना अभिमान वाटतो.

धाकट्या नातवाची गोष्ट वेगळी, कारण तो अडीच वर्षांचा आहे. इतक्या लहान मुलाला फोनवर काय कळणार, अशी शंका अनेकांना असते, आणि पडद्याच्या बाबतीत ती रास्तही आहे. परंतु अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली दीड वर्षाखालील मुलांना पडद्यापासून दूर ठेवायला सांगितले, तेव्हाही व्हिडिओ कॉलचा अपवाद केला होता. रोझबेरी, हर्श-पासेक आणि गोलिंकॉफ यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दोन ते अडीच वर्षांची मुले प्रत्यक्ष माणसाकडून आणि व्हिडिओ कॉलवरच्या माणसाकडूनही नवी क्रियापदे शिकली, मात्र आधी चित्रित केलेल्या व्हिडिओतून शिकली नाहीत. फरक होता तो प्रतिसादाचा. म्हणून गोष्ट रेकॉर्ड करून पाठवण्यापेक्षा मी दहाच मिनिटे समोर बसते. आमच्याकडे एकाच चित्रपुस्तकाच्या दोन प्रती आहेत, एक त्याच्या मांडीवर आणि एक माझ्या. मी सलग वाचत नाही. "हा कुठे निघालाय?" असे विचारते, तो "पाणी" म्हणतो, मी म्हणते, "हो, तो पाण्याकडे निघालाय, पाणी खोल आहे." ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली आई-वडिलांना अशाच रीतीने विचारत, मुलाच्या शब्दाला शब्द जोडत वाचायला शिकवले, तेव्हा साधारण महिनाभरातच ती मुले बोलण्यात इतरांच्या पुढे गेलेली आढळली. नातू कंटाळला की पान मिटायचे, याबाबतीत मी अजिबात आग्रह धरत नाही.

मार्कांविषयी मी विचारत नाही. मुलाने आपणहून सांगितले तर आनंदाने ऐकावे, पण त्यापुढे "हुशार आहेस हो!" म्हणण्याचा मोह आवरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. म्यूलर आणि ड्वेक यांच्या १९९८ सालच्या प्रयोगांत, हुशारीची स्तुती झालेली मुले पुढच्या अपयशाने लवकर खचली आणि कष्टांची स्तुती झालेली मुले टिकून राहिली. शिक्षणसंशोधक सुगत मित्रा यांनी मुलांच्या पाठीशी उभे राहून, "अरे वा, हे कसं केलंस?" असे विचारत राहण्याला आजीची पद्धत म्हटले आहे, आणि २००९ पासून त्यांच्या प्रयोगात कितीतरी निवृत्त माणसे स्काइप या तेव्हाच्या व्हिडिओ कॉलच्या सेवेवरून दूरच्या मुलांशी याच रीतीने बोलू लागली. ज्यांना वाटते की आजचे गणित किंवा विज्ञान आपल्याला येत नाही, त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे. "कसं केलंस?" हे विचारायला ते विषय यावे लागत नाहीत, आणि ज्याला खरेच माहीत नाही अशा माणसाला समजावताना मूल जितके नेटाने बोलते, तितके ते परीक्षकासमोर बोलत नाही.

पत्रे मात्र मी जपून लिहिते. नातीने एकदा पत्रात 'फुल' असे ऱ्हस्व लिहिले होते. मी तिच्या पत्रावर लाल रेघ मारली नाही. उत्तरात माझ्या खिडकीतल्या कुंडीविषयी लिहिताना 'फूल' हा शब्द तीनदा येईल असे पाहिले. तिच्या पुढच्या पत्रात तो दीर्घ होता, आणि त्याविषयी आम्ही दोघींनीही चकार शब्द काढला नाही.

कधीकधी ती फोनवर येतच नाही. मागून सुनेचा संकोचलेला आवाज येतो, "आई, आज तिचा मूड नाहीये हो." अशा वेळी तिला बळेच पडद्यासमोर आणू नका, असे मी सुनेला सांगते, आणि दुसऱ्या दिवशी एक छोटे पत्र टाकते. त्यात ख्यालीखुशाली असते आणि शेवटी मला खरोखर पडलेला एखादा प्रश्न. गेल्या वेळी विचारले होते की, एकच कागद अर्ध्यात दुमडत गेले तर माझ्याच्याने सातव्या घडीपाशी पुढे जाववत नाही, ते का असावे? त्याचे उत्तर अजून आलेले नाही. परवा फोनवर तिच्या मागे जमिनीवर दुमडलेल्या कागदांचा ढीग दिसला, पण मी काही विचारले नाही.