पान ४१

समुपदेशकांच्या एका संघटनेच्या आचारसंहिता समितीचा मी चिटणीस आहे. मानद, म्हणजे बिनपगारी. तक्रार आली की आधी माझ्याकडे येते, निकाल लागला की पत्रावर सही माझी असते. मधलं काम टपालवाल्याचं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय.

लोकांना वाटतं, तक्रार केली की आम्ही त्या समुपदेशकाचं दुकान बंद करू. आमच्या हातात असतं ते एवढंच: समज, लेखी ताकीद, काही काळ कुणाच्या तरी देखरेखीखाली काम करायची अट आणि शेवटी सदस्यत्व रद्द. ते रद्द झालेला माणूस दुसऱ्या दिवशी पाटी लावून बसला तर आम्ही नुसते बघत राहतो. काही जण तर नोटीस हातात पडताच राजीनामा धाडायचे. म्हणून चौकशी चालू असताना राजीनामा स्वीकारायचा नाही, असा नियम करावा लागला.

आणखी एक गोष्ट सहसा कुणाला ठाऊक नसते. आमच्याकडे तक्रारदार हा पक्षकार नसतो. प्रकरण 'संघटना विरुद्ध सदस्य' असं चालतं आणि ज्याच्यावर बेतलं तो त्यात साक्षीदार. सदस्याने दिलेलं उत्तर त्याला दाखवलं जात नाही. हे फोनवर सांगितलं की पलीकडे काही क्षण शांतता असते. या प्रकरणातल्या तक्रारदार मुलीच्याही बाजूला होती.

ती स्वतः आता समुपदेशनाचं शिक्षण घेते आहे. एका प्रशिक्षण वर्गात ती मागच्या रांगेत बसली होती. पुढे बोलत होत्या त्या मॅडम, ज्यांच्याकडे चार वर्षांपूर्वी ती क्लायंट म्हणून जात होती. वर्ग मोठा, त्यांचं लक्ष गेलं नसावं. मॅडमनी पडद्यावर एक केस लावली. तरुण मुलगा, आई गेलेली, तरी रोज रात्री आईच्या नंबरवर फोन लावतो. खाली अवतरणात एक वाक्य: "रिंग वाजतेय तोवर ती फक्त उचलत नाहीये."

मुलगा नव्हता, मुलगी होती. आई नव्हे, वडील. वाक्य मात्र तिचंच होतं. शेजारच्याने 'डिनायल', म्हणजे घडलेलं नाकारणं, असं वहीत लिहून खाली रेघ मारली. तिनेही लिहिलं. तक्रारीत तिने हे नोंदवलं होतं, की मी पण लिहून घेतलं.

तक्रार अकरा पानांची होती. आमच्या अर्जात रकाना असतो, 'भंग झालेले कलम'. दुखावलेल्या माणसाने कलम शोधायचं, ही अपेक्षा कुणाच्या डोक्यातून निघाली कोण जाणे. तो रकाना तिने कोरा सोडला होता, म्हणून तो मी भरला. अकरा पानांचं दीड पान केलं, तारखांचा तक्ता केला, प्रत्येक विधानापुढे कागदाचा पान क्रमांक टाकला. या कामात मी कुणाला हार जाणार नाही. माझ्या फाइलीत सुनावणीच्या वेळी पानं शोधावी लागत नाहीत. आमचे अध्यक्ष फाइल पहिल्यांदा सुनावणीतच उघडतात, बोटाला थुंकी लावून, ते सोडा.

फोनवरचं ते वाक्य दीड पानात आलं नाही. ते पुराव्यात गेलं, पान १९.

कलमाचं म्हणाल तर आमचं कलम अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या ४.०७ वरून जवळजवळ जसंच्या तसं घेतलेलं. क्लायंटची माहिती शिकवण्यासाठी वापरायची तर ओळख लपवण्याची वाजवी काळजी घ्या, किंवा लेखी संमती घ्या. 'किंवा'. दोन्हींतलं एक केलं तरी पुरतं. मॅडमनी दोन्ही केलं होतं. संमतिपत्र पान ७ वर, सहीसकट.

अध्यक्षांनी फ्रॉइड काढला. त्यांना तो कुठेही काढता येतो. १९०५ साली 'डोरा' असं नाव बदलून एका पेशंट मुलीची केस छापताना फ्रॉइडने प्रस्तावनेतच म्हणून ठेवलं होतं की हे तिच्या हाती पडलं तर तिला त्रास होईल खरा, पण तिला ठाऊक नाही असं यात काही नाही आणि ही तीच, हे तिच्याखेरीज कुणाला कळणार? अध्यक्ष म्हणाले, "मग आपल्या सदस्येचं चुकलं कुठे?"

समितीत एक जण व्यवसायाबाहेरचे असावे लागतात. आमचे निवृत्त हिशेब तपासनीस आहेत, आणि कामाचे प्रश्न बहुतेक तेच विचारतात. त्यांनी पान ७ काढलं. "ही सही पहिल्याच भेटीची आहे. तेव्हा फोनची गोष्ट तिने सांगितली तरी होती का?"

नव्हती सांगितली. ती सहाव्या भेटीत निघाली; माझ्याच तक्त्यात होतं. म्हणजे काय देतोय हे माहीत नसताना तिने देऊन टाकलं होतं. यावर पाऊण तास चर्चा झाली आणि 'किंवा' जिंकला.

आता पान ४१. मॅडमच्या लेखी उत्तराला शेवटी एक वेगळा कागद जोडलेला होता, हाताने लिहिलेला, थेट तिच्या नावाने. सात-आठ ओळी. त्यात काय होतं ते मी इथे लिहिणार नाही, पण तो वाचून मी चष्मा काढून ठेवला होता. नियमाप्रमाणे मी मॅडमना कळवलं: हा कागद तक्रारदाराकडे जाणार नाही, समितीपुढे मात्र जाईल आणि चुकीची कबुली म्हणून धरला जाऊ शकतो. ठेवायचा की काढायचा? त्यांनी दोन दिवस मागितले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या वकिलाचं पत्र आलं, कागद परत द्यावा. मी बंद पाकिटात परत केला आणि पुढच्या पानांचे क्रमांक खोडून नव्याने घातले. ४२ चं ४१ झालं.

ते कळवणं चूक नव्हतं. न कळवता कागद पुढे गेला असता तर मॅडमवर अन्याय झाला असता, आणि प्रकरण सुरू असताना दोघींनी एकमेकींशी बोलायचं नाही, हे पहिल्या नोटिशीत मीच दोघींना लिहिलं होतं. तिने तक्रार करायच्या आधी मॅडमना नुसता फोन केला असता तर? पण तसं तिला कोण सांगणार? सांगितलं असतं तर तक्रार दाबली असं लोक म्हणाले असते, आणि त्यांचंही खोटं नसतं.

निकाल: भंग सिद्ध नाही. सर्व सदस्यांना एक परिपत्रक, की अशी संमती समुपदेशन संपल्यावर वेगळी घ्यावी. तिला चार ओळींचं पत्र.

पत्र मिळाल्यावर तिचा फोन आला. चिडलेली नव्हती. "सर, निकालाचं जाऊ दे. त्यांना काही वाटलं का, एवढंच सांगा."

मी म्हणालो, "ते मला सांगता येत नाही."

"म्हणजे वाटलं नाही?"

"म्हणजे सांगता येत नाही."

तिने ठीक आहे म्हणून फोन ठेवला. फाइल समोरच होती. पान ४१ वर आता त्या प्रशिक्षण वर्गाचा हजेरीपट आहे, त्यात तिची सही शेवटून तिसरी.