हवालदाराची पेन्शन कोण भरतं?

परवा आमच्या टाउनशिपच्या (म्हणजे इथल्या गावाच्या स्थानिक कारभाराच्या) बजेटची बैठक होती. अमेरिकेत, पेन्सिल्व्हेनिया राज्यात राहून अकरा वर्षं झाली, पण अशा बैठकीला पहिल्यांदाच गेले. पंधरा-वीस माणसं, लाकडी बाकं आणि प्रत्येकाच्या हातात पिना मारलेले कागद. तिसऱ्या पानावर ‘पोलीस पेन्शन’ अशी ओळ होती. एका रकान्यात टाउनशिपने भरायची रक्कम, शेजारी राज्याची मदत. माझे वडील सांगली जिल्ह्यात हवालदार होते, त्यामुळे नजर तिथेच अडकली.

आबांची पेन्शन राज्य सरकारच्या तिजोरीतून येते. दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीचा दाखला द्यायचा, एवढंच काम. त्यांनी ज्या गावच्या ठाण्यात नोकरी केली, तिथे घरपट्टी किती जमली याच्याशी त्या पेन्शनचा काही संबंध नाही. इथे पोलीस गावाचाच असतो. भरती गाव करतं, पगार गाव देतं आणि पेन्शनचा भारही गावावरच. 1956 च्या ‘अ‍ॅक्ट 600’ प्रमाणे ज्या टाउनशिपकडे किंवा बरोकडे (म्हणजे छोट्या शहराकडे) तीन किंवा अधिक पूर्णवेळ पोलीस आहेत, तिला पेन्शन फंड काढावाच लागतो. साधारण 25 वर्षं नोकरी केली की शेवटच्या तीन ते पाच वर्षांच्या सरासरी पगाराच्या निम्मी पेन्शन मिळते. या एका राज्यात पोलिसांचे असे शेकडो वेगवेगळे फंड आहेत.

मग राज्याची मदत येते कुठून? विम्यातून. राज्याबाहेरच्या विमा कंपन्या इथे जो हप्ता गोळा करतात, त्यावर 2 टक्के कर असतो. कायदा त्यांना ‘फॉरिन’ म्हणतो, मग मुख्य कचेरी शेजारच्या ओहायोत का असेना. माझ्या गाडीचा विमा अशाच एका कंपनीचा आहे. म्हणजे मी भरलेल्या हप्त्यातला थोडासा वाटा कुठल्या तरी पोलिसाच्या म्हातारपणाला लागतो. हे कळल्यावर खरंच बरं वाटलं.

या पैशाची वाटणी 1984 च्या ‘अ‍ॅक्ट 205’ प्रमाणे होते, तीही डोकी मोजून. पोलीस आणि अग्निशामक दलाच्या जवानाचे प्रत्येकी दोन युनिट, कारकुनाचं एक. त्या वर्षी एका युनिटचा जो दर निघेल तो सगळ्या राज्याला सारखाच. फक्त पेन्शनच्या खर्चापेक्षा जास्त मदत कोणालाही मिळत नाही. त्यामुळे ज्या गावाचा फंड धडधाकट आहे, त्याचा जवळजवळ सगळा खर्च या मदतीतून निघू शकतो. आणि ज्या जुन्या शहराच्या फंडात वर्षानुवर्षांच्या तुटीचा खड्डा पडलाय, त्यालाही दर तोच. मला हे अजिबात पटत नाही. गरज खड्ड्याची आहे, आणि मोजतो आपण माणसं.

पुढच्या वर्षी गावाने फंडात किमान किती भरायचं, तो आकडा दर वर्षी सप्टेंबरअखेरपर्यंत गावच्या कारभारी मंडळापुढे ठेवावाच लागतो आणि ते पैसे टाळता येत नाहीत. हा नियम चांगला आहे. पण ज्याच्याकडे पैसाच नाही, त्याने काय करायचं?

रात्री फोनवर आबांना हे सगळं सांगितलं, तर त्यांनीही नेमकं तेच विचारलं, “आन् गावाकडंच पैसा नसला तर गं?”

मी त्यांना आमच्याच राज्यातल्या स्क्रँटनची गोष्ट सांगितली. एके काळी कोळशाच्या खाणींवर भरभराटलेलं हे शहर. खाणी गेल्या, लोकवस्ती घटली, पण निवृत्त पोलिसांना पेन्शन द्यायची होतीच. फंड आटत चालला. शेवटी 2016 मध्ये शहराची सांडपाण्याची यंत्रणा एका खासगी कंपनीला विकली आणि त्यातले काही पैसे पेन्शन फंडात भरले.

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत.

“आमच्या वेळी ड्युटीवर निघताना हा इचार कधी डोक्यात आला न्हाई,” मग ते म्हणाले. “तुमच्या गावाच्या फंडात किती हायत, इचारलंस का?”

नव्हतं विचारलं. पुढची बैठक नोव्हेंबरात आहे.