टेकडी ओलांडणारा कालवा

पुण्याच्या माणसाला कालवा दाखवायला फ्रान्सपर्यंत कशाला न्यायचं, हे नवऱ्याचं म्हणणं तिकिटं काढून झाल्यावरही चालूच होतं. आमचं घर पर्वतीच्या बाजूला. मुठा उजवा कालवा आमच्यासाठी घरामागचाच. धरणातून पाणी सुटतं, उतारानं जातं, वाटेत थोडं गळतं, थोडं पळवलं जातं, आणि २०१८ सारखं एखाद्या वर्षी काठ फुटून दांडेकर पुलापर्यंत लोकांच्या घरात शिरतं. अशा ठिकाणी कोण सुट्टी घालवायला जातं?

पण धाकटा दीर तुलूजला नोकरीला आहे. त्याचा फोन आला, "वहिनी, सात दिवस बोट. काही म्हणजे काही करायचं नाही." मी लगेच हो म्हटलं. 'काही करायचं नाही' ही शुद्ध थाप होती हे पुढे कळलं.

कनाल द्यू मिदी तुलूजहून निघतो आणि २४० किलोमीटरवर भूमध्य समुद्राला लागून असलेल्या 'तो' नावाच्या खाजणात संपतो. आम्ही त्यातला त्रेब ते कोलोंबिए हा ऐंशी-एक किलोमीटरचा तुकडा घेतला होता. गाडीनं तासाभराचं अंतर, बोटीनं एक आठवडा.

त्रेबला जाताना दिरानं वाटेत गाडी नोरूझला वळवली. "आधी हे बघा, नाहीतर पुढचं सगळं नुसतंच सुंदर वाटेल." बघायला फारसं काही नव्हतं. झाडांची एक लांबलचक दुतर्फा रांग, एक दगडी स्तंभ, आणि झाडीतून मुकाट वाहणारा, उडी मारून ओलांडता येईल असं वाटणारा एक पाट. तो पाट हीच मुद्द्याची गोष्ट. नोरूझ समुद्रसपाटीपासून १८९ मीटरवर आहे आणि कालव्याचा सगळ्यात उंच बिंदू हाच. इथून एका बाजूचं पाणी अटलांटिककडे जातं, दुसऱ्या बाजूचं भूमध्य समुद्राकडे. म्हणजे तुलूजहून निघालेली बोट आधी पायरी पायरीनं वर चढते आणि मग उतरते. आमच्या डोक्यातला कालवा फक्त उतरायचा. हा टेकडी ओलांडत होता!

बोट चढेल हो, लॉक असतात, पाणी भरून आणि सोडून बोट वर-खाली करणारे हौद. पण माथ्यावर पाणी कुठून आणायचं? प्रत्येक बोटीमागे काही लाख लिटर पाणी एक पायरी खाली जातं, ते वर पुन्हा कोण भरणार? दोन समुद्र जोडायची कल्पना फ्रान्समध्ये जुनीच होती, या एका प्रश्नाशी येऊन अडत होती. तो सोडवला पिएर-पॉल रिकेनं. हा माणूस अभियंता नव्हता, मिठावरचा कर गोळा करणारा सरकारी मक्तेदार होता. (मिठाच्या कराचा पैसा कुणाच्या तरी सत्कारणी लागला, असं आपल्याकडच्या माणसाला वाटणारच.) त्यानं मोंतान्य न्वार म्हणजे 'काळा डोंगर' या रांगेतले ओढे अडवले, साँ-फेरेओलला धरण बांधलं आणि तिथलं पाणी पाटानं नोरूझच्या माथ्यावर आणून सोडलं. साँ-फेरेओलचा साठा सुमारे ६३ लाख घनमीटर, म्हणजे आपल्या भाषेत पाव टीएमसीसुद्धा नाही. तेवढ्यावर १६८१ साली हा संसार सुरू झाला. नवरा त्या पाटापाशी बराच वेळ उभा होता. गाडीत बसल्यावर म्हणाला, "खडकवासल्याला हे दाखवायला पाहिजे." ही त्याच्याकडून पहिली शाबासकी.

आता बोट. बार्ज म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे स्वयंपाकी आणि वाढपी असलेलं ऐषारामी प्रकरण होतं. तशाही असतात, पूर्वीच्या मालवाहू पेनिशमध्ये खोल्या काढून केलेल्या. मालवाहतूक १९८० च्या दशकात थांबली आणि त्या बोटींना हा नवा जन्म मिळाला. पण त्यांच्या भाड्यात आमचा स्वयंपाकघराचा कट्टा नव्यानं झाला असता. आमची होती स्वतः हाकायची, बारा-तेरा मीटर लांबीची, दोन खोल्या आणि एवढंसं स्वयंपाकघर असलेली. परवाना लागत नाही. भाड्यानं देणाऱ्यानं पाऊण तास शिकवलं, दोनदा बंदरात गोल फिरवून आणलं, आणि हात हलवून गेलासुद्धा. वेगाची मर्यादा ताशी आठ किलोमीटर. सकाळी सारसबागेत चालणारे काही आजोबा आम्हाला मागे टाकतील.

बंदरातून निघाल्या निघाल्या त्रेबचं तीन पायऱ्यांचं लॉक आहे. म्हणजे पोहायला शिकवायला थेट विहिरीत. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दार असलेला दगडी हौद. या कालव्यावरचे हौद लंबगोल आहेत, पोटाशी फुगलेले. सुरुवातीच्या लॉकच्या सरळ भिंती मातीच्या दाबानं आत ढासळल्या, म्हणून रिकेनं त्यांना बाक दिला. आडवी ठेवलेली कमानच ती. दिसायला फार देखणं. बोट लावायला मात्र वैताग, कारण भिंत वळते आणि बोट वळत नाही.

उतरताना करायचं इतकंच की काठावरच्या लोखंडी खुंटाला दोराचा वेढा द्यायचा, मोकळं टोक हातात धरायचं आणि पाणी खाली जाईल तसा दोर सोडत राहायचा. पुढचा दोर नवऱ्याकडे होता. त्यानं आयुष्यभर स्कूटरच्या कॅरियरला सामान बांधलंय. त्यानं दोन गाठी मारल्या, ओढून बघितल्या आणि निवांत फोटो काढायला लागला. पाणी फूटभर उतरलं असेल, बोटीचं नाक वरच राहिलं. आत फडताळातून कपबशा घरंगळल्याचा आवाज आला. जाऊ ओरडली, "ताई, बोट वाकडी होतेय!" दोर असा ताठ झाला होता की बोटानं छेडला असता तर वाजला असता. लॉकवाल्यानं वरून एकदा बघितलं आणि झडपा बंद केल्या. मग थोडं पाणी परत आत सोडलं. बोट सरळ झाली, गाठ सैल पडली. तो आरडाओरडा करेल असं वाटलं होतं, पण त्यानं नवऱ्याकडे बघून फक्त मूठ उघडून दाखवली. सोडा. एवढंच. पुढे आठवडाभर घरात कुणी हट्टाला पेटलं की आम्ही तशी मूठ उघडून दाखवायचो.

दुसऱ्या दिवसापासून हात बसला. रोज सकाळी जवळच्या गावात सायकलनं जाऊन पाव, जर्दाळू आणि बकरीच्या दुधाचं चीज आणायचं. साडेबाराला लॉकवाले जेवायला जातात आणि दीडपर्यंत कालवा थांबतो. दुपारी एक ते चार बंद ठेवणाऱ्या शहराच्या लोकांनी यावर काय बोलायचं! आम्हीही बोट काठाला लावून पिठलं-भात केला. दिराला या भागातल्या कासुलेचं फार कौतुक. पांढऱ्या शेंगदाण्याएवढ्या घेवड्यात बदकाचं मांस आणि सॉसेज घालून तासन् तास शिजवतात. मी त्यातला घेवडा चाखला. उसळीला फोडणी द्यायची राहिली असं वाटलं, पण हे तिथे बोलले नाही.

बोट लावण्यावरून आठवलं. झाडाला दोर बांधायचा नाही, ही ताकीद आम्हाला दहा वेळा मिळाली होती. लोखंडी मेखा आणि घण सोबत देतात. त्या काठात ठोकायच्या. कारण विचारल्यावर दिरानं काठाकडे बोट केलं. कालव्याचा फोटो म्हणून आपण जो बघतो, दोन्हीकडून चिनाराची झाडं वर येऊन मिळालेली ती हिरवी कमान, ती त्रेबच्या आसपास जवळजवळ शिल्लकच नाही. बोडका काठ, मध्येच बुंध्यांच्या चकत्या, आणि आधाराला काठ्या लावलेली हातभर रोपं. अशी सुमारे ४२,००० झाडं इथे होती, बहुतेक एकोणिसाव्या शतकात लावलेली. त्यांची सावली दिसते, पण खरं काम मुळांचं, ती काठ घट्ट धरून ठेवतात. २००६ साली त्रेबजवळच एक बुरशी सापडली. ती आली दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकन सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून, असं मानतात. पाण्यातून पसरते, आणि मुळांना घासत जाणाऱ्या बोटींमुळेही. उपाय नाही. झाड तोडायचं आणि जाळायचं. हजारो झाडं गेली. आता एकाच जातीवर विसंबायचं नाही म्हणून वेगवेगळी झाडं लावताहेत. त्यांची कमान बघायला आमच्यातलं कुणी नसेल, पुतणी कदाचित.

ही माहिती ऐकल्यावर पुढे जुनी कमान आली तेव्हा बोटीवर कुणी फार बोललं नाही. ऊन पानांतून पाण्यावर आणि पाण्यातून परत पानांच्या पोटावर थरथरत होतं. मी सुकाणूवर होते, आणि बोट मुळांपासून लांब ठेवण्याच्या नादात समोरच्या बोटीला जवळजवळ धडकले.

लॉक मोजायची सवय लागते. मार्सेयेत एक पायरी, फोंफिलला तीन, प्युइशेरिकला दोन. एगीयच्या लॉकवर तिथल्या लॉकवाल्यानं गंजक्या लोखंडाची आणि लाकडाची चित्रविचित्र माणसं-जनावरं करून उभी केली आहेत. बोट खाली जाते आणि ती वरून वाकून बघत राहतात. पुतणी तिथून हलायला तयार नव्हती. मग आर्जांचं लॉक येतं आणि गंमत संपते, किंवा सुरू होते. त्यापुढे ५४ किलोमीटर एकही लॉक नाही. समपातळीची रेघ धरून कालवा प्रत्येक टेकाडाला वळसा घालत जातो. सगळीकडे द्राक्षमळे. कापेस्तांच्या चर्चचा उंच मनोरा आम्हाला सकाळी समोर दिसला. तासाभरानं डावीकडे. मग चक्क मागे. मग पुन्हा समोर. नवरा म्हणाला, "आपण गोल फिरतोय." दिरानं नकाशा दाखवला. त्यावरची निळी रेघ एखाद्या लहान मुलानं हात न उचलता काढल्यासारखी होती. त्यात 'सेर्स' नावाचा वारा सुटला. बोटीला बूड सपाट, उंची भरपूर. वारा तिला कागदाच्या होडीसारखा ढकलतो. कापेस्तांचा पूल बुटका म्हणून बदनाम आहे. छत्री मिटा, सायकली आडव्या करा, माना खाली घाला. पुलाचा दगड जाऊच्या अंबाड्यावरून अक्षरशः वीतभर अंतरानं गेला.

मला सगळ्यात आवडलं ते त्याआधीचं ल सोमाय. एक कमानी पूल, एक जुनं चॅपल, दहा-वीस घरं. इथे पूर्वी टपालाच्या बोटीतले प्रवासी रात्रीचा मुक्काम करायचे. घोडे काठावरून बोट ओढायचे आणि प्रवास चार दिवसांचा असायचा. १७८७ च्या मे महिन्यात या कालव्यातून थॉमस जेफरसन गेला होता, अमेरिकेचा अध्यक्ष व्हायच्या कितीतरी आधी. आपल्या घोडागाडीची चाकं काढून गाडीच त्यानं बोटीवर ठेवली होती आणि तिच्यात बसून काचांतून बघत गेला. आम्ही साडेनऊपर्यंत उजेडात पुलाच्या कठड्यावर बसलो, खालून जाणारी बदकं मोजत, लुक नावाची बाकदार हिरवी ऑलिव्हं खात.

शेवटच्या दिवशी मालपासचा बोगदा. सुमारे १६५ मीटरचा, १६७९ चा, बोटी जाण्यासाठी खोदलेला युरोपातला पहिला कालवाबोगदा. टेकडीचा दगड ठिसूळ निघाला, वरून काम थांबवायचा हुकूम आला, तेव्हा रिकेच्या माणसांनी गुपचूप आठ दिवसांत आरपार खोदून टाकला अशी गोष्ट सांगतात. आठ दिवस जरा जास्तच झालं, पण सांगणाऱ्याचा मूड मोडवत नाही. समोरून बोट आली तर आत वळायला जागा नाही, म्हणून आधी भोंगा वाजवायचा. पुतणीनं तो इतका वाजवला की पलीकडच्या तोंडाशी उभे असलेले सायकलवाले टाळ्या वाजवायला लागले.

कोलोंबिएला बोट परत केली आणि सायकलींनी फोन्सरानला गेलो. तिथे कालवा सलग आठ लंबगोल हौदांतून साडेएकवीस मीटर उतरेल असा बांधला होता. हे बांधणाऱ्यांत बायकाही होत्या, पिरेनीजच्या डोंगरातून आलेल्या. त्यांच्या गावी पाण्याचे पाट काढायचं काम पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. आम्ही पायऱ्यांवर बसून एका बोटीवरच्या माणसाला गाठ मारताना बघितलं. नवरा उठून उभा राहिला आणि त्याला मूठ उघडून दाखवली. रिकेनं स्वतः हे सगळं चालू झालेलं पाहिलं नाही. तो १६८० च्या ऑक्टोबरात गेला, कालवा खुला झाला पुढच्या मे महिन्यात. पदरचा पैसा ओतलेला, त्यामुळे मुलांच्या वाट्याला आधी आलं ते कर्ज.

गाडी त्रेबला ठेवलेली, म्हणून बेझिएहून कार्कासोनची आगगाडी पकडली. सुटून दहा मिनिटंही झाली नसतील, डब्यात अंधार झाला आणि लगेच उजेड. दीर म्हणाला, "वहिनी, मालपास. रुळांचा बोगदा त्याच टेकडीतून, कालव्याच्या खालून जातो." म्हणजे काल ज्या पाण्यावर आम्ही पाच मिनिटं रांगत होतो, ते आत्ता डोक्यावरून गेलं होतं. पुतणी चिडून म्हणाली, "आधी सांगायचं ना, भोंगा वाजवायचा राहिला."